हसऱ्याचं नाक

आमच्या विहारात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पोरांसाठी चित्रांची पुस्तकं आहेत, आणि त्या पुस्तकांतल्या सगळ्या थोर माणसांचं तोंड एकच आहे. नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेणारे सोमाजी, मेलेली ढोरं आता ओढणार नाही असं गावाला तोंडावर सांगणारे त्यांचे भाऊ, पोरींना शाळेत घ्या म्हणून शाळेच्या दारात बसून राहिलेली पारूबाई. सगळ्यांचे तेच चमकते दात, तेच गुबगुबीत गाल, तोच गुलाबी फेटा. पुरुषांना भरघोस मिशी. पारूबाईला मिशी नाही, पण पान उजेडात धरलं तर होती आणि नंतर खोडली हे कळतं.

ही पुस्तकं तुळशीराम पेंटरांनी केली. त्यांच्या आणि आमच्या अंगणाची भिंत एकच होती. मी त्यांना पेंटरभाऊ म्हणायची, ते मला वैनी म्हणायचे.

भिंत दिसली की तिच्यावर हात फिरवल्याशिवाय पेंटरभाऊ पुढे जात नसत. बैलाची पाठ थोपटावी तशी थोपटायचे आणि मान हलवायचे. भिंतीकडे पाठ करून कधी बसायचे नाहीत. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा मुलीकडे त्यांनी पाहिलंच नाही. चहा येईपर्यंत घराच्या भिंती चाचपून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोपडे धरते. इथं काहीच टिकत नाई." सोयरीक तिथंच मोडली. पुढे त्या घरची मुलगी दुसरीकडे सुखानं नांदली आणि पुतण्या बिनलग्नाचा राहिला. तरी पेंटरभाऊ म्हणायचे, "भिंत खोटं बोलत नाई."

दुसरी त्यांची सवय म्हणजे हवेत लिहायची. बोलता बोलता महत्त्वाचा शब्द आला की उजव्या हाताचं बोट हवेत फिरायचं. राग आला तर तोंडातून चकार शब्द काढायचे नाहीत, शिवी हवेत लिहायचे. समोरच्याला ती उलटी दिसायची, म्हणून त्याला वाचायला वेळ लागायचा आणि तोवर दोघांचाही राग उतरलेला असायचा. लिहून झाल्यावर ते अक्षरांना सावली द्यायचे. म्हणजे पाटीवर उठाव यावा म्हणून पेंटर लोक अक्षराच्या कडेनं गडद रेघ ओढतात, तशी. पण सगळ्याच शब्दांना नाही. "ज्या शब्दाले आपन सावली देल्ली," ते म्हणायचे, "त्याची जिम्मेदारी आपली."

हे मी आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं झालं.

त्यांचा धंदा भिंतीवरच्या जाहिरातींचा. राळेगावपासून दिग्रसपर्यंत कुठल्याही गावात शिरा, एका तरी भिंतीवर कपाशीच्या बियाण्याच्या कंपनीचा शेतकरी दिसायचा. गुलाबी फेटा, मोठी मिशी, हातात फुटलेलं बोंड. आम्ही त्याला हसऱ्या म्हणायचो. तो हसऱ्या पेंटरभाऊंच्या हातचा. हातचा म्हणजे साच्याचा. कंपनीनं पत्र्याचा साचा कापून दिला होता, एक भिंतीसाठी मोठा आणि एक दुकानाच्या पाट्यांसाठी लहान. साचा धरायचा, वरून रंगाचं फडकं थोपटायचं, साचा उचलला की हसऱ्या हसत उभा. अक्षरं मात्र पेंटरभाऊ हातानं काढायचे. हसऱ्याच्या डोक्यावर मोठ्ठं लिहिलेलं असायचं, 'हमखास'. आणि त्या शब्दाला सावली.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. कपाशीच्या पराट्या वाढल्या, पण बोंडात अळी. लोकांना कंपनी कुठे राहते हे माहीत नव्हतं. हसऱ्या कुठे राहतो हे माहीत होतं. त्याच्यावर शेण फेकून झालं, तरी तो हसतच होता. मग लोक पेंटरभाऊंच्या दाराशी येऊ लागले.

"काहो पेंटर, तुमच्या भिंतीवर हमखास लिहिलं होतं. कुठं हाये हमखास?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मी नुसता रंग लावणारा माणूस. पेंटरभाऊंनी आत जाऊन पाणी आणलं, आलेल्याला दिलं आणि खाली बघून म्हणाले, "बरोबर हाये तुमचं. थ्याले सावली मीच देल्ली होती."

दुसऱ्या दिवशी सायकलला चुन्याचा डबा बांधून ते निघाले आणि गावोगावचे आपलेच हसरे पुसू लागले. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांची बायको रोज भिंतीपलीकडून मला ऐकू जाईल अशी बोलायची, "लोकायचे मानसं मजुरीले जातात, आमचा मानूस जाते मिशा पुसाले!" त्यात चुना हलका. पहिल्या पावसात चुन्यातून आधी मिशी वर यायची, मग दात, मग सगळा माणूस. अंधूक आणि पांढुरका. आधी तो नुसता जाहिरातीतला होता, आता भुतासारखा हसायला लागला. पोरं संध्याकाळी त्या भिंतींजवळून जायला भीत.

त्याच दिवसांत आमच्याकडे बाहेरून गाड्या यायच्या. आमचे हाल पाहायला लोक यायचे, प्रश्न विचारायचे, चहा प्यायचे आणि जाताना काहीतरी ठेवून जायचे. कोणी फवारणीचे हातमोजे ठेवले, तेही सगळे डाव्या हाताचे. एक बाई आल्या, त्यांनी अंगणवाडीसाठी परदेशातलं चित्रांचं पुस्तक ठेवलं. इंग्रजीत. कोणालाच येत नव्हतं, म्हणून विहारासमोर सगळ्यांना बसवून त्यांनी हिंदीत गोष्ट सांगितली. अमेरिकेत एक काळी बाई होती. ती कामावरून घरी चालली होती, बसमध्ये बसली होती. तिला उठ म्हटलं. ती उठली नाही. त्यावरून पुढे मोठा लढा झाला.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "एवढ्यावर पुस्तक? मंग आमच्या राळेगाव गाडीत तं रोज एक पुस्तक होते."

हशा पिकला. पुढं गिरजाबुढी बसली होती. आमच्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. हाडं तेवढी राहिलेली, नाक मधेच मोडून डावीकडे वळलेलं. तिनं हात वर करून हशा थांबवला.

"तिकीट काढलं होतं का तिनं?"

बाई म्हणाल्या, काढलं होतं.

"मंग उठ काहून म्हनलं?"

बाईंनी सांगितलं. गोऱ्यांना जागा हवी होती, आणि ही काळी म्हणून जन्मली होती. गिरजाबुढीनं थोडा वेळ पुस्तकातल्या चित्राकडे पाहिलं.

"मंग बराबर हाये. नाईच उठाव," ती म्हणाली, आणि सगळ्यांना न्याय झाल्यासारखं वाटलं.

पेंटरभाऊंनी ते पुस्तक हातात घेऊन पुढून मागून पाहिलं, भिंतीसारखं थोपटलं. मग हवेत बोट फिरवायला लागले. "तिकडची बाई बसली, तं तिच्यावर पुस्तक. आमच्याजवळ वरच्या हिरीत पयली बादली सोडनारी बाई जित्ती बसून हाये, अन् पोट्टे तिच्या नाकाले हासतात!"

"माह्यं नोको करू," गिरजाबुढी म्हणाली. "पयले मेलेल्याईचं कर. थे वाट पाहून राह्यले."

म्हणून आधी सोमाजी, त्यांचे भाऊ आणि पारूबाई. पेंटरभाऊंकडे कंपनीच्या न लावलेल्या पोस्टरांचा गठ्ठा पडून होता. जाडजूड, चकचकीत कागद. त्याच्या पाठीवर ते चित्रं काढायचे आणि सुतळीनं शिवायचे. माणसांची तोंडं काढता येत नव्हती, म्हणून लहान साचा वापरायचे. साच्यात हात बोंडासकट होता, त्यामुळे सगळ्या थोर माणसांच्या हातात एक पांढरं फूल आलं. मजकूर लिहिला की आधी भिंतीवरून माझ्याकडे द्यायचे. "वैनी, तुमी चौथी शिकल्या. तुमाले समजलं तं पोट्ट्याईले समजते." मी दाराआड बसून वाचायची. चांगलं आहे म्हणायला मला लाज वाटायची, म्हणून मी भिंतीवर दोनदा टकटक करायची. म्हणजे चाललं.

एक गोष्ट मात्र माझ्याही लक्षात आली नाही. पोरं पुस्तक वाचतात तेव्हा पानाच्या दोन्ही बाजू वाचतात.

विहारात कार्यक्रम होता. अध्यक्ष म्हणून गुरुजी बसले होते. रिटायर झालेले मास्तर, विहाराचं सगळं तेच पाहायचे. माझी पोरगी सोनाली उभी राहिली आणि सोमाजींचं पुस्तक खणखणीत वाचू लागली.

"सोमाजी चालत चालत नागपूरला पोचले. माणसाला माणूस दिसत नव्हता एवढे लोक जमले होते. आजच आपल्या जवळच्या विक्रेत्याकडे मागणी करा. सोमाजींनी हात जोडले आणि दीक्षा घेतली. बोंडअळीपासून कायमची सुटका. सोमाजी म्हणाले, आता आपण माणूस झालो. दोन ओळींत तीन फुटांचं अंतर ठेवा."

गुरुजी उभे राहिले, पुन्हा बसले. तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. सगळ्यात मोठ्या गिरजाबुढीच्या. "सोमाजीले अळीचा भल्ला राग होता," ती म्हणाली. "खरं हाये थे." पेंटरभाऊंनी पुढे जाहिरातीच्या बाजू एकमेकींना खळीनं चिकटवल्या, पण खळ उंदरांनी खाल्ली. पोरं खूश झाली. बिनजाहिरातीची गोष्ट त्यांना अळणी लागायची.

मग एक दिवस गिरजाबुढीनं पेंटरभाऊंना बोलावलं. मी तिला भाकर द्यायला गेले होते, म्हणून समोर होते. तिच्या डोळ्यांत पांढरं उतरलं होतं. दवाखान्यात सांगितलं होतं, आता काही होणार नाही.

"तुळश्या, मले दिसते तवर माह्यं पुस्तक कर. पन एक सांगून ठेवतो. नाक सरळ काढजो."

पेंटरभाऊंनी विचारलं, "काहून माय? आता कसं हाये तसंच—"

"थ्या सकाळी सरळ होतं," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. वरच्या गावाच्या विहिरीवर आमच्या लोकांनी जायचं नाही. लांब उभं राहायचं, कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. एके दिवशी वस्तीतली माणसं ठरवून, घोषणा देत विहिरीवर गेली. हिला तर आईनं रोजच्यासारखं गुंड देऊन पाण्याला पाठवलं होतं. गुंड म्हणजे आमच्याकडची पितळेची घागर. परकर नेसायची पोर. विहिरीवर भाषणं सुरू झाली, आधी कोणी बादली सोडायची त्यावर मानपान सुरू झालं, वरचे लोक काठ्या घेऊन उभे.

"अन् मले उशीर होऊन राह्यला होता," गिरजाबुढी म्हणाली. "माय मारन म्हनून मी सोडली बादली. आमच्या नाल्याचं पानी गढूळ, त्यात कधी तोंड दिसलं नोतं. गुंड भरला अन् वाकून पाह्यलं तं मी दिसली. सरळ नाक होतं. भल्लं चांगलं होतं. मंग गोटा आला."

तिचा कधी फोटो निघाला नव्हता. घरात आरसा आला तोवर नाक वळून गेलं होतं. तिनं आपलं सरळ नाक जन्मात तेवढं एकदा पाहिलं होतं, आणि ते पाहिलेलं दुसरं कोणी आता जिवंत नव्हतं.

पेंटरभाऊ उठले. हवेत काहीतरी लिहिलं आणि त्याला सावली दिली. म्हणजे आता सुटका नव्हती.

साचा वापरायचा नाही असं त्यांनी ठरवलं. हातानं बाईचं तोंड काढायला शिकायचं म्हणून मला ओसरीवर बसवलं. डोक्यावर पदर, मान खाली. मी लाजेनं अर्धी झाले. सगळी वस्ती पाहायला जमली. शेवटी त्यांनी कागद फिरवून दाखवला तर त्यावर डोळे असलेली पपई होती. आमच्या घरचे म्हणाले, "चांगली हाये. भाजीले होते." पुढच्या कागदांवर माझ्या तोंडाच्या बकऱ्या झाल्या, एकदा चक्क गुरुजी झाले. पण नाक काही सरळ येईना. आणि गिरजाबुढी आता माणसं आवाजावरून ओळखू लागली होती.

मजकुरावरही भांडण. गुरुजी म्हणाले, "गिरजाबाईंच्या मनात क्रांतीची ज्योत पेटली, असं लिहा. पोरांपुढं आदर्श पाहिजे."

गिरजाबुढी म्हणाली, "ज्योत कायची? चूल पेटाची होती. पानी नोतं."

"पण बाई, लढा—"

"लढा तुमचे मानसं बोलून राह्यले होते ना गुरुजी. म्हनून तं उशीर झाला."

पेंटरभाऊंनी दोघांचंही लिहून घेतलं. गुरुजींचं वाक्य पेन्सिलीनं आणि बुढीचं ऑइलपेंटनं. गुरुजी खूश झाले. घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं.

तोंडाचं मात्र अडलेलंच. मग एका दुपारी भिंतीपलीकडून पेंटरभाऊंची हाक आली, "वैनी, कनीक हाये का मळलेली?" मी गोळा दिला आणि भिंतीवरून डोकावले. त्यांनी लहान साचा मांडीवर घेतला होता. मिशीच्या भोकात कणीक भरली. दातांच्या भोकांत कणीक. फेट्याचा तुरा, मिशीच्या वळलेल्या टोकांची भोकं, सगळीकडे बोटानं दाबून दाबून कणीक. त्यांची बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "घ्या! आता पत्र्याले जेवू घालून राह्यले."

"राह्यलं काय सांग," पेंटरभाऊ म्हणाले.

ती वाकली. मीही पाहिलं. डोळे राहिले होते, हनुवटी राहिली होती, आणि त्या दोन्हींच्या मधोमध नाक. सरळ.

त्यांनी रंग जाड लावला, पाटीवर लावतात तसा. फेट्याचा पदर केला, बोंडाचं गुंडातून उसळलेलं पाणी केलं. पुस्तक वाळल्यावर आम्ही तिघं गिरजाबुढीकडे गेलो. तिनं पान डोळ्याला टेकवलं, लांब नेलं, परत टेकवलं. मग बोट ठेवलं. जाड रंगावरून बोट कपाळापासून खाली आलं. कुठंही वळलं नाही. पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली आणलं.

"हेच," ती म्हणाली.

पेंटरभाऊंनी श्वास सोडला. तेवढ्यात ती म्हणाली, "तुळश्या, हसऱ्याचं हाये ना रे हे?"

पेंटरभाऊंनी मान खाली घातली. खोटं बोलायचं त्यांना जमायचं नाही. "हो माय. मले दुसरं येत नाई."

"मंग काय झालं?" ती म्हणाली. बोट नाकावरून काढलं नाही. "थ्यानं साऱ्याईले फसवलं. माह्यं तेवढं एक काम केलं."

पुस्तक तिनं विहाराच्या पेटीत जाऊ दिलं नाही. उशाशी ठेवलं. कापसाची वेचणी संपेपर्यंत तिचं दिसणं पूर्ण गेलं, तरी येणाऱ्या जाणाऱ्याला ती पान काढून दाखवायची, पण उलट्या बाजूचं. लोक जाहिरात पाहायचे आणि चांगलं आहे म्हणायचे. ती गेल्यावर ते पेटीत आलं. नाकावरचा रंग तेवढा झिजला आहे.

त्यानंतर पेंटरभाऊंनी दिग्रसला मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. सामान बांधून झालं होतं. जाण्याआधीच्या सकाळी ते शिडी आणि मोठा साचा घेऊन निघाले. त्यांच्या बायकोला वाटलं, साचा विकायला नेला.

मला त्या दिवशी राळेगावला जायचं होतं. मी बसले होते ती गाडी फाट्यावर थांबली. फाट्याजवळच वरची विहीर आहे, आता तिच्यावर पाण्याच्या मोटारीची खोली आहे, आणि त्या खोलीच्या भिंतीवर चुन्यातून वर आलेला हसऱ्या होता. पेंटरभाऊ शिडीवर उभे होते. मिशी गेली होती. डोक्यावर पदर आला होता. खाली वरच्या गावातले लोक जमले होते, त्यांचं बोलणं खिडकीतून ऐकू येत होतं.

"हे कोनं सांगतलं कराले?"

"कंपनीनं," पेंटरभाऊ म्हणाले. जन्मातलं पहिलं खोटं असावं. कान लाल झाले होते.

"अन् बाई काहून? बियानं कोनतं हाये?"

"लय जुनं हाये. तुमच्याच हिरीतलं."

लोकांनी माना डोलावल्या. एकानं पिकाला पाणी किती लागेल हेही विचारलं.

इतक्यात माझ्या खांद्याला धक्का बसला. एक माणूस फवारणीचा पंप घेऊन उभा होता. "बाई, उठा जरा. पंप ठेवाचा हाये, सांडते." मी कोणी उठ म्हटलं की उठणारी बाई. पण उठले असते तर खिडकी गेली असती, आणि पेंटरभाऊंनी नाक पुसलं की राखलं ते मला अजून दिसलं नव्हतं.

"तिकीट काढलं हाये मी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला. तो माणूस पंप छातीशी धरून तसाच उभा राहिला.

गाडी हलली. पेंटरभाऊंनी नाकाच्या कडेनं शेवटची रेघ ओढली, मागं वळले आणि मी खिडकीत आहे हे त्यांना दिसलं. ब्रश धरलेला हात वर करून त्यांनी हवेत काहीतरी लिहिलं. माझ्या बाजूनं ते उलटं होतं, आणि धूळ उडाली. शब्द मला वाचता आला नाही. त्याला सावली दिली, तेवढं दिसलं.